सोलरची खरी परीक्षा मीटरपाशी

पॅनल बसले, वायरी ओढून झाल्या, आता ऊन वाया कशाला घालवायचं म्हणून नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) यायच्या आधीच इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसी विजेची एसी करणारा) चालू केला जातो. हे अजिबात करू नका. जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरपैकी बरेच मीटर वीज कुठल्या दिशेने गेली ते बघत नाहीत, बाहेर गेलेलं युनिटही वापरलेलंच धरतात. दुपारी घराला कुलूप, २ किलोवॅट वीज खांबाकडे चाललेली, आणि तासाला २ युनिट तुमच्याच नावावर चढतात. नेट मीटर लागेपर्यंत सोलरचा एसी एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडूनच ठेवायचा.

मीटर आणि त्याचं सील महावितरणचं, तिथे हात घालायचा नाही. आपलं काम मेन स्विचच्या पुढे. तिथून सोलरसाठी स्वतंत्र एमसीबी काढा, आणि फेज व न्यूट्रल दोन्ही ईएलसीबीच्या (वीजगळती झाली की पडणारा स्विच) मीटरकडच्या बाजूला जोडा. फेज आधी आणि न्यूट्रल नंतर असं झालं, की सोलर सुरू होताच ईएलसीबी पडतो आणि बोल लागतो इन्व्हर्टरला. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या आउटपुटवर सोलर जोडू नका. दोन्ही जळू शकतात.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. ३ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर २३० व्होल्टला १३ अँपिअर देतो, म्हणून १६ चा एमसीबी टाकतात. कागदावर तो पुरतो. पण घरगुती एमसीबीचं रेटिंग ३० अंश तापमानाचं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला सावलीतच पारा ४५ ला टेकतो, मग पश्चिमेच्या भिंतीवर तापलेल्या बंद पेटीत काय होत असेल? ऐन दुपारी एमसीबी पडतो, संध्याकाळी उचलला की बसतो, दोष सापडत नाही. २० किंवा २५ चा घ्या, वायर त्याला पेलेल अशी, आणि पेटी सावलीत.

वायरीत पैसे वाचवू नका. गच्चीवरून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर असेल, तर ४ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियममध्ये १३ अँपिअरला जवळपास ६ व्होल्ट जातात, ६ स्क्वेअर एमएम तांब्यात अडीचच्या आत. हे व्होल्ट नुसते वाया जात नाहीत, इन्व्हर्टरच्या टोकाला तेवढा दाब वाढतो. डीपी (गल्लीचा ट्रान्सफॉर्मर) जवळ असेल आणि दुपारी गल्लीत वापर कमी असेल तर आधीच व्होल्टेज चढलेलं असतं. त्यात हे ६ मिळाले, की इन्व्हर्टर ओव्हर व्होल्टेज दाखवून बंद होतो, थोड्या वेळाने चालू होतो, पुन्हा बंद. आधी जोड तपासा. न्यूट्रलच्या स्क्रूपाशी वायरचं आवरण काळपट, कडक झालेलं दिसलं तर तो जोड ढिला आहे. मीटरच्या टर्मिनलमध्ये तसं दिसलं तर महावितरणच्या वायरमनला बोलवा.

अर्थिंग तीन हवेत: डीसी, एसी आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं (लाइटनिंग अरेस्टर) वेगळं. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि पावसाळ्यात चांगलं आलेलं रीडिंग एप्रिलमध्ये बिघडतं. म्हणून रीडिंग उन्हाळ्यातच घ्या, ५ ओहमच्या आत हवं. खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडत राहा.

लाईट गेली की सोलरही बंद पडतं, हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्याला मागून झटका बसू नये म्हणून तसंच ठेवलेलं असतं.

नेट मीटर बसला की वायरमन समोर असतानाच तपासून घ्या. भर दुपारी सोलर चालू ठेवून घरातला सगळा वापर बंद करा. एक्स्पोर्टचा (बाहेर दिलेल्या विजेचा) आकडा हलला पाहिजे, इम्पोर्टचा (घेतलेल्या विजेचा) नाही. मग सोलर बंद करून गीझर लावा, आता उलट दिसलं पाहिजे. दोन्हीकडे चुकीचाच आकडा पळाला तर मीटरच्या इनकमिंग-आउटगोइंग वायरी अदलाबदल झाल्या आहेत. सील लागायच्या आधी त्या फिरवून घ्या. दोन्ही रीडिंगचे फोटो तारखेसह ठेवा आणि पहिल्या बिलाशी ताडा. मीटर एक्स्पोर्ट दाखवतोय आणि बिलात तो शून्य आहे, म्हणजे बहुधा नवा मीटर बिलिंगमध्ये चढलेला नाही. मीटर बदलल्याच्या अहवालाची प्रत आणि ते फोटो जोडून त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.