आठ काप, चार कोपरे

मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डला मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. यंदाच्या सप्टेंबरात तिथे एका ताडपत्रीवर, गंजक्या कुलपांच्या शेजारी, हातकरवतीची मायटर बॉक्स, म्हणजे लाकूड नेमक्या कोनात कापायची पेटी, दिसली. ती मिलर्स फॉल्स कंपनीने घडवलेली, म्हणजे याच राज्यातल्या त्याच नावाच्या गावची. ओतीव लोखंडाची बैठक, तिच्यावर करवत सरळ धरणारे दोन खांब, खाली अंशांच्या खुणांची कमान आणि खडूने लिहिलेली किंमत : ८५ डॉलर.

विक्रेत्याने तिला ताजा काळा रंग फासला होता. अशा रंगाखाली ओतकामातली भेग हमखास लपते, असा माझा हट्टी समज असल्यामुळे मी मनातल्या मनात तिथेच वीस डॉलर वजा केले. करवत मात्र मूळचीच निघाली. फिलाडेल्फियाच्या डिस्टनने मिलर्स फॉल्ससाठी घडवल्याची पुसट अक्षरे पात्यावर होती. परंतु वर्षानुवर्षे एकाच टोकाला जास्त कानस चालल्याने पाते तिकडे निमुळते झाले होते. खांबांत करवत घालून हलवली, तर ती डावीकडे किंचित डुलत होती. त्या डुलण्यापाशी मी थेट साताऱ्याला पोहोचलो.

आमच्या आळीतल्या तसबीरवाल्या काकांची अशी पेटी म्हणजे तीन फळ्या ठोकून केलेली पन्हाळ. तिच्या खाचा इतक्या रुंदावल्या होत्या की काका त्यांत पोस्टकार्डाची घडी खुपसून करवत चालवायचे. आजोबांची तसबीर त्यांनीच केली. चौकटीला काप आठ. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने त्याच बाजूला चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यावर चार अंशांची उधारी साचते; तीन कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणि चौथा जांभई देतो. आजोबांच्या उजव्या खांद्याखालचा कोपरा तसाच होता. काकांनी सरसात भुसा कालवून तो बुजवला, अंगठ्याने पुसला आणि पैसे मोजून घेतले. तेव्हापासून कुणाच्याही देवघरात गेलो, की मी आधी चौकटीचे कोपरे पाहतो आणि मग हात जोडतो. घरचे यावरून मला पुरेसे बोलले आहेत.

ब्रिमफील्डच्या पेटीचा लांबी ठरवणारा अडसर हरवलेला, लाकडी पाट करवतीने चावून काढलेला आणि खांब डुलणारा. पण कमानीवरची खिट्टी पंचेचाळीसवर आली की खट्कन बसत होती आणि तिथून तसूभरही हलत नव्हती. पाट नवा करता येतो, पात्याचे दाते पुन्हा पाडता येतात. झिजलेली खिट्टी मात्र मेलीच. मी साठ म्हणालो. विक्रेत्याने पंचाहत्तर म्हटले, मग मला ती उचलून पाहायला लावली आणि साठवर आला. एवढे लोखंड संध्याकाळी परत गाडीत चढवण्याचा त्याला कंटाळा आला असावा. विजेच्या करवतींनी या पेट्यांचा भाव आधीच पाडला आहे, आणि टपालाने मागवायची तर कित्येकदा मालापेक्षा हशीलच जड होते.

घरी डुलणाऱ्या खांबात मी पत्त्याच्या पुठ्ठ्याची घडी घातली. काप गुण्याला लागला. साताऱ्याची तसबीर दुरुस्त करतो, असे फोनवर म्हणालो, तर आई म्हणाली, “तिला हात लावायचा नाही.”