बावीस तारखेचं चक्र

बावीस तारीख आली की आमच्या घरातलं इंटरनेट अंथरूण धरतं. टीव्हीच्या पडद्यावर ते पांढरं चक्र गरगर फिरायला लागतं आणि घरातली चार माणसं एकमेकांकडं संशयानं बघायला लागतात.

प्लॅन महिन्याला २०० जीबीचा. कागदावर मात्र तो 'अनलिमिटेड' आहे. कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हॉटेलच्या पाटीवर 'तांबडा-पांढरा अनलिमिटेड' असं ठळक लिहिलेलं असतं. पहिल्या दोन वाट्या वाढपी न मागता ओततो. तिसरीला हाक मारावी लागते. चौथीच्या वेळी त्याला ऐकू कमी येतं आणि पाचवी येते तोवर ताटातली भाकरी संपलेली असते. रस्सा कुणी बंद केलेला नसतो, तो फक्त सावकाश येतो. कंपन्या याला फेअर युसेज पॉलिसी म्हणतात. आमचे २०० जीबी संपले की वेग उतरून २ एमबीपीएसवर येतो. राधानगरीचे सात दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. आमचा एकच, आणि तो कोटा भरला की आपोआप मिटतो.

मोठा प्लॅन घ्यायचा विषय मी एकदा काढला होता. "आधी आहे ते कुठं जातंय ते बघा," असं म्हणून बायकोनं तो तिथंच संपवला.

कुठं जातंय हे मला ठाऊकच होतं. मुलगा दहावीला, घर मंगळवार पेठेत, म्हणजे फुटबॉलचं वेड आलंच. रात्री एक वाजता त्याच्या खोलीतून दबक्या आवाजात 'गोल' ऐकू यायचा. दर महिन्याच्या बावीस तारखेला मी त्याला झाडायचो आणि तो दर महिन्याला एकच उत्तर द्यायचा, "पप्पा, मी मोबाइलवर कमी क्वालिटीत, ४८०ला बघतो, त्याला किती लागतंय?" आरोपी असंच बोलतात, असं माझं मत होतं.

शेवटी एका रविवारी त्यानंच राउटरचं ॲप उघडून माझ्यासमोर धरलं. कुठल्या यंत्रानं किती खाल्लं, याची यादी होती. टीव्ही १३२. लॅपटॉप ३१. आम्हा दोघांचे आणि आईचा फोन मिळून २३. सगळ्यात खाली त्याचा मोबाइल, १४. पोरगं एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

टीव्ही? आमच्याकडं टीव्ही बघतो कोण? आई.

"मी कुठं काय बघतो रे?" आई म्हणाली. (आमच्याकडं बायकाही 'बघतो-करतो'च म्हणतात.) "मी सकाळी जोतिबाची आरती लावतो आणि स्वयंपाकघरात जातो."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सहाला उठून बसलो. आईचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तिनं आरती लावली, हात जोडले, 'चांगभलं' म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. आरती सहा मिनिटांत संपली. मग टीव्हीनं स्वतःच्या मनानं दुसरी लावली. मग एक कीर्तन. मग कुणीतरी भरली वांगी करून दाखवू लागलं. मग ट्रॅक्टरची चाचणी, नांगरासकट. समोर रिकामा दिवाण, त्यावर काल रात्रीची चादर, आणि पडद्यावर काळ्या मातीचं ढेकूळ न् ढेकूळ मोजता येईल इतकं लख्ख चित्र. दहा वाजता आई पदराला हात पुसत आली, रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. "बघ, बघतो का मी?"

हिशेब सोपा होता. लख्ख एचडी चित्राला तासाला साधारण दीड जीबी लागतो, कधी त्याहून जास्त. चार तासांचे सहा. बावीस दिवसांचे १३२. ॲपनं काडीचंही खोटं सांगितलं नव्हतं.

आईला जीबी समजावणं मात्र अवघड. मी कोटा म्हणालो, वेग म्हणालो, ती मान डोलवत लसूण सोलत राहिली. मग मुलगा म्हणाला, "आज्जी, तू रोज सकाळी चार तास नळ सोडून ठेवतेस, खाली बादली नसताना."

आईचा हात थांबला. २०१९च्या पुरात पंचगंगा शहरात शिरली होती, उपसा केंद्रं पाण्याखाली गेली होती आणि चौफेर पाणी असून नळाला थेंब नव्हता. टँकरमागं घागर घेऊन धावलेली बाई आहे ती. आजही कुणाच्या घरी नळ ठिबकताना दिसला तर पाहुणी असूनही उठून बंद करते. "आधी सांगायचं नाहीस व्हय?" ती माझ्यावरच उखडली.

मग कामं भराभर झाली. टीव्हीचा ऑटोप्ले बंद केला, चित्र ४८०वर आणलं. त्यात तोच तास अर्ध्या जीबीच्या आतबाहेर भागतो. पहिल्या दिवशी आई पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "आज गुलाल जरा जास्तच उधळलाय काय रे?" नंतर तिनं तो विषय काढला नाही. फोनवर व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद केलं, त्यामुळं भावकीच्या ग्रुपवरची उगवत्या सूर्याची चित्रं आता परवानगी मागून येतात. फोटोंचा बॅकअपही आवरला, कारण वर चढवलेला डेटाही कोट्यातूनच जातो आणि मी वाढदिवसाचे व्हिडिओ आख्खेच्या आख्खे चढवत होतो.

लॅपटॉपचे ३१ जीबी मात्र माझ्या मनाला लागले. त्यात काही विंडोजचे अपडेट होते. नेट मोजूनमापून आहे हे त्याला सांगावं लागतं, 'मीटर्ड कनेक्शन' नावाची खूण करावी लागते, नाहीतर तो मुकेश अंबानींच्या घरात असल्यासारखा वागतो. त्यातच आणखी एक बटण सापडलं. उतरवलेले अपडेट इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरलाही पुरवायचे, असं त्याचं काम. आमच्याकडं ते सुरू होतं. म्हणजे मी पोराला झाडत होतो आणि बाजूला जगासाठी पाणपोई घातली होती.

जानेवारीत आईनं कारभार हातात घेतला. कोण काय बघतंय, संपल्यावर बंद केलं का, रिकाम्या खोलीत काही सुरू नाही ना. मी ट्रॅफिकची बातमी बघत आंघोळीला गेलो तर बाहेरून आवाज, "नळ चालू आहे रे!" बावीस तारीख आली आणि गेली, चक्र फिरलं नाही. ही सगळी बचत कशासाठी, ते तिनं आधीच जाहीर केलं होतं. ३१ जानेवारीला अंबाबाईचा किरणोत्सव सुरू होतो. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून येऊन देवीच्या चरणांना लागतात, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत चढतात, तिसऱ्या दिवशी मुखावर. "तेवढे तीन दिवस मला धुरकट नको," ती म्हणाली.

आमचा कोटा महिन्याच्या शेवटच्या रात्री बाराला संपतो. एकतीस तारखेला दुपारी मी ॲप बघितलं. ५८ जीबी शिल्लक. टीव्ही पुन्हा लख्खवर आणला, लाइव्ह दर्शन लावून ठेवलं, दिवाणावरची चादर झटकली.

साडेपाचला शेजारच्या काकूंनी खालून हाक मारली. आईनं टीव्हीकडं एकदा बघितलं आणि चपला पायात सरकवल्या.

"अगं, निघालीस कुठं? लावलंय ना मी."

"चार पावलांवर तर आहे ती. तिथं मोठा पडदा लावत्यात," आई जिना उतरता उतरता म्हणाली. "ते बंद कर. कुणी बघत नाही."

मी बंद केलं. मुलगा आतून आला, ॲपवर नजर टाकली आणि माझ्या शेजारी टेकला.

"पप्पा, बाराला अजून साडेसहा तास आहेत."