सिलेंडर आला, पण रेग्युलेटर पितळेचा

ज्वालामुखीच्या धुरातून विमान नेऊन वायू मोजायचे, त्यात आमचं घोडं अडलं ते साताऱ्यात, जमिनीवर. सेन्सरचा आकडा पडताळायला १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा) सल्फर डायऑक्साइडचा कॅलिब्रेशन सिलेंडर हवा होता. मागणीत 'बाकी नायट्रोजन' लिहिलं नाही म्हणून पुरवठादाराने अर्ज परत पाठवला. मग वापराचं कारण 'ज्वालामुखी' वाचून पुन्हा. साताऱ्यात कुठला ज्वालामुखी? प्रश्न रास्तच, दख्खनचा कातळ थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. तिसऱ्यांदा फक्त 'गॅस सेन्सर तपासणी' लिहिलं. तुम्ही पहिल्यांदाच तेवढंच लिहा.

सिलेंडर आला तो पितळी रेग्युलेटर घेऊन. दमट हवेत हा वायू पितळ खातो; स्टेनलेस स्टीलचाच मागा. तो बदलला, तरी आकडा सातवर अडला. दोष सेन्सरला दिला, आणि तिथेच चुकलो. जुलैचा पाऊस, नळीत ओल. सल्फर डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो आणि भिंतींनाही चिकटतो. नळी टेफ्लॉनची आणि शक्य तितकी आखूड घेतली, तिच्यातून अर्धा तास कोरडा नायट्रोजन सोडला, रेग्युलेटर पाच-सहा वेळा भरून रिकामा केला. त्यानंतरही आकडा स्थिरावायला दहा मिनिटं गेली. हे सगळं उघड्यावर करा, १० पीपीएमही घशाला झोंबतो.

एवढा अट्टहास का? विमान सेकंदाला ८० मीटर जातं. सेन्सर ३० सेकंद रेंगाळला तर धूर २.४ किलोमीटर पसरलेला दिसतो. सोबत मोजायच्या कार्बन डायऑक्साइडचा इन्फ्रारेड सेन्सर मात्र चपळ असतो. दोन्ही वायूंच्या आलेखांची नुसती शिखरं एकमेकांनी भागली तर कार्बन-सल्फर गुणोत्तर फुगतं, आणि खालून ताजा मॅग्मा चढतोय असा खोटा इशारा मिळतो. म्हणून शिखरं नकोत, आलेखाखालचं क्षेत्रफळ भागा. त्याआधी हवेतला मूळचा सुमारे ४२० पीपीएम कार्बन डायऑक्साइड वजा करा.

धुराखालून उडत, सूर्यप्रकाश किती शोषला गेला त्यावरून सल्फर डायऑक्साइड मोजता येतो, नळीची भानगडच नाही. १९९१ च्या मेमध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा आकडा याच तत्त्वावर मिळाला, दोन आठवड्यांत रोजच्या ५०० टनांवरून ५००० वर. पण तसा कार्बन डायऑक्साइड हाती लागत नाही. हवेतच तो इतका असतो.

हो, स्वच्छ हवेत सेन्सरचं शून्य लावायला गजबजलेल्या पोवई नाक्यावर उभे राहू नका, कासच्या रस्त्याला जा. आणि फिल्टरही टेफ्लॉनचाच. कागदी ओला झाला की वायू तिथेच मुरतो.