केप टाउन आणि परिसर: वारा बघून दिवस ठरवा

दिवाळीच्या सुट्टीत दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात जाऊन आलो. तिथे तेव्हा वसंत असतो. मे-जूनची सुट्टी डोळ्यांसमोर असेल तर लक्षात घ्या की केप टाउनचा पाऊस थंडीतला असतो, जून ते ऑगस्ट. हिंडायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, फक्त वाऱ्याची तयारी हवी. या दिवसांपासून थेट मार्चपर्यंत आग्नेयेकडून सोसाट्याचा वारा सुटतो. शहराची हवा धुऊन काढतो म्हणून तिथले लोक त्याला 'केप डॉक्टर' म्हणतात. डोंगर, बोट, किनारा यांपैकी आज काय जमेल हे तोच ठरवतो. म्हणून राहण्याची जागा पक्की करा, पण रोजचा कार्यक्रम सकाळी उठून हवा बघूनच ठरवा.

टेबल माउंटन (१०८५ मीटर) निरभ्र दिसला की त्याच सकाळी गाठा, उद्यावर टाकू नका. १९२९ पासून सुरू असलेली केबल कार वारा वाढला की बंद होते. केबिनचा तळ वर जाता जाता गोल फिरतो, त्यामुळे खिडकीसाठी धडपड करायची गरज नाही. वर सपाट माथ्यावर तासन्‌तास फिरता येतं. बघता बघता ढगांचा पांढरा थर पसरतो, त्याला 'टेबलक्लॉथ' म्हणतात. खाली कितीही ऊन असलं तरी जाकीट सोबत ठेवा आणि परतीचा भोंगा वाजला की लगेच निघा.

रॉबेन बेटाचं तिकीट आधी काढावं लागतं आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द होते. म्हणून ते सहलीच्या सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे पुन्हा जायला दिवस उरतात. नेल्सन मंडेला यांच्या २७ वर्षांच्या तुरुंगवासातली १८ वर्षं इथे गेली. तुरुंग दाखवणारे वाटाडे स्वतः तिथे राजकीय कैदी म्हणून राहिलेले आहेत. त्यांच्या तोंडून ऐकताना कुणाचा फोटो काढायला हात वर गेला नाही. वेळ कमी असेल तर दुसरं काहीही गाळा, हे गाळू नका.

किनाऱ्यांबद्दल आपला अंदाज इथे चुकतो. अटलांटिककडचं पाणी बर्फासारखं गार असतं, आणि उन्हाळ्यात तर जास्तच. एक तर बेंग्वेला हा थंड प्रवाह तिथून वाहतो, आणि आग्नेयेचा वारा वरचं पाणी समुद्रात ढकलतो, मग खालचं गार पाणी वर येतं. मात्र क्लिफ्टनचे चार छोटे किनारे डोंगराच्या आडोशाला आहेत, वारा असेल तेव्हा बसायला तेच बरे. पोहायचं असेल तर पलीकडच्या फॉल्स बेमध्ये म्यूझनबर्गला जा. तिथे शार्कवर नजर ठेवणारी माणसं डोंगरावरून समुद्र न्याहाळत असतात. पाण्यात उतरण्यापूर्वी झेंड्याचा रंग आणि शेजारच्या फलकावरचा त्याचा अर्थ बघा.

त्याच बाजूला पुढे बोल्डर्सला आफ्रिकन पेंग्विन आहेत. २०२४ मध्ये त्यांची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींमध्ये झाली. लाकडी वाटेवरूनच बघा, हात लावू नका.

केप पॉइंटला जाताना चॅपमन्स पीकचा टोल रस्ता घ्या. कडा पोखरून काढलेला हा रस्ता दरडींमुळे कधी कधी बंद असतो, आधी चौकशी करा. आफ्रिकेचं दक्षिण टोक हे नव्हे, ते आग्नेयेला दूर केप अगुल्हासला आहे. पण १४८८ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ डियश इथून वळला आणि १४९७ मध्ये वास्को द गामा इथूनच पुढे निघून १४९८ मध्ये कालिकतला आला, हे आठवलं की त्या खडकांकडे बघण्याची नजर बदलते. जुनं दीपगृह इतकं उंचावर बांधलं की ते ढगात हरवायचं. १९११ मध्ये एक पोर्तुगीज जहाज आपटल्यावर नवं दीपगृह खाली बांधलं. बबून गाडीतलं खाणं पळवतात, काचा बंद ठेवा.

द्राक्षबागांसाठी स्टेलनबॉश (स्थापना १६७९) आणि फ्रान्शूक. पिनोताज हे द्राक्ष १९२५ मध्ये स्टेलनबॉशमध्येच पिनो न्वार आणि सॅन्सो यांच्या संकरातून तयार झालं, तेव्हा त्याची वाइन तिथेच चाखावी. गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये. फ्रान्शूकला बागांमधून फिरणारी वाइन ट्राम आहे, तिचं तिकीट आधी काढा. पांढऱ्या भिंतींची जुनी घरं सुंदर आहेत, पण या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिल्या, आणि त्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडलहून आणलेली आपली माणसंही होती. म्हणून केप टाउनमधलं स्लेव्ह लॉज हे संग्रहालय बागांच्या आधी बघा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

हर्मानसला जून ते नोव्हेंबर सदर्न राइट देवमासे किनाऱ्याजवळ येतात. कड्यावरच्या पायवाटेवरूनच दिसतात, बोटीचा खर्च केलाच पाहिजे असं नाही. जाताना गॉर्डन्स बेवरून समुद्रालगतचा रस्ता धरा. वाटेत बेटीज बेला पेंग्विनांची आणखी एक वसाहत आहे, तिथे गर्दी कमी.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. पेट्रोल पंपावरचा माणूसच भरतो, त्याला थोडी टिप द्या. सीटवर पिशवी ठेवून गाडी सोडू नका आणि अंधार पडल्यावर टॅक्सीनेच फिरा. व्हिसासाठी वेळ हाताशी ठेवून अर्ज करा. इथिओपिया किंवा केनियात थांबा घेऊन जाणार असाल तर पीतज्वराच्या लसीच्या प्रमाणपत्राचा नियम आधी तपासा. तिथली बरीच सॉकेट्स आपल्या गीझरच्या मोठ्या तीन पिनांसारखी असतात, त्यामुळे फोनच्या चार्जरसाठी अॅडाप्टर घरूनच न्या.