अबीगईलने सकाळपर्यंत थांबणे

आज मडगावला आमच्या भगिनींच्या प्रार्थनासभेत बायबलमधील १ शमुवेलचा २५ वा अध्याय वाचला. अन्न मागायला पाठवलेल्या आपल्या माणसांना धनाढ्य नाबालाने दिलेल्या उद्दाम उत्तराने संतापलेला दावीद (पुढे इस्राएलाचा राजा झालेला) सूड घेण्यासाठी ४०० माणसांनिशी निघाला असता, नाबालाची पत्नी अबीगईल २०० भाकरी, द्राक्षारसाचे २ बुधले, ५ मेंढरांचे रांधलेले मांस आणि आणखी बरेच काही गाढवांवर लादून त्याला सामोरी गेली, आणि सूड स्वतःच्या हाती न घेता तो परमेश्वरावर सोपवावा, हे तिने त्याला अत्यंत नम्रपणे पण स्पष्ट सांगितले.

मला मात्र त्यानंतरचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. घरी परतल्यावर नवरा मद्याने धुंद असल्याचे पाहून ती रात्रभर काहीच बोलली नाही. त्याची नशा उतरल्यावर सकाळी तिने सर्व सांगितले. (हा सारा निर्णय तिने नवऱ्याला न विचारता घेतला होता, हे प्रवचनांत सहसा ऐकू येत नाही!) गप्प राहण्याची ताकद तिला देवावरील भरवशातून मिळाली असावी, असे मला वाटते.

सभेनंतर एका भगिनीने घरखर्चाचा रखडलेला विषय उद्या सकाळी पतीपुढे काढण्याचे ठरवले आणि आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली. पुढील सभेत जिभेविषयीचा याकोबाच्या पत्राचा ३ रा अध्याय घेऊ. फोंड्याच्या भगिनींनीही अवश्य यावे.