तुम्ही विचारलंत म्हणून: डीह्यूमिडिफायरवर, म्हणजे हवेतलं बाष्प काढणाऱ्या यंत्रावर, जादाचं काय घ्यावं?

कोटेशनच्या शेवटी एक पान असतं, 'ऑप्शनल' नावाचं. ते माझ्यापुढे सरकवून विचारतात, "काका, यातलं काय ठेवू आणि काय कापू?" भोसरी, चाकण, पिरंगुट, कुठेही गेलो तरी प्रश्न हाच. मी ही यंत्रं विकत नाही, दुरुस्त करतो, म्हणून विचारत असावेत. एरवी पुण्यात सल्ला मागावा लागत नाही, आपोआप मिळतो.

आधी यंत्राच्या पोटात बघू. सिलिका जेलचं, मधाच्या पोळ्यासारख्या बारीक भोकांचं एक चाक असतं, रोटर. तासाला ८-१० फेरे घेतं. त्याच्या मोठ्या भागातून खोलीतली हवा जाते आणि बाष्प तिथेच सोडून परत येते. उरलेल्या पाचरीतून बाहेरची हवा १२० ते १४० अंशांपर्यंत तापवून सोडतात, ती चाकातलं बाष्प उचलून छपराबाहेर नेते. म्हणजे दोन पंखे, एक हीटर आणि चाक फिरवणारी एक चिमुकली मोटर. आवाज येतो तो पंख्यांचा. हीटर आणि चाक मुके. आणि हवा कोरडी होते ती या दोन मुक्यांमुळे.

चाकणच्या बाजूला एका ठिकाणी पाण्यात विरघळणाऱ्या, फसफसणाऱ्या गोळ्या बनतात. त्यांना २५ अंशांच्या खोलीत आर्द्रता २५ टक्क्यांच्या आत लागते, नाहीतर गोळी पाकिटातच फसफसायला लागते. दोन पावसाळ्यांपूर्वीचा गुरुवार, सुट्टीचा दिवस, यंत्र चालू ठेवलेलं. दुपारी लाईट गेली. पंखे थांबले, हीटरच्या कॉइल मात्र लालबुंद, त्यांच्यावरून जायला हवाच नाही. त्यामुळे जास्त तापमानाचा कटआउट, म्हणजे फार तापलं की हीटरची वीज तोडणारा स्विच, उडाला. उडायलाच हवा, त्यासाठीच तो बसवलेला. पण तो हाताने दाबूनच परत बसतो. तासाभराने लाईट आली, पंखे आपोआप सुरू झाले, हीटर नाही झाला.

आता गंमत बघा. थंड हीटरवरून बाहेरची पावसाळी हवा चाकात शिरायला लागली. चाक ते बाष्प पिऊन अर्धा फेरा घेतं आणि कोरड्या खोलीच्या बाजूला आलं की सोडून देतं. यंत्र रात्रभर इमानदारीने चाकणचा पाऊस आत भरत होतं. राऊंडवरच्या वॉचमनमामांनी वहीत लिहिलं होतं, 'मशीन चालू आहे.' खोटं काय लिहिलं त्यांनी? आवाज येतच होता. शुक्रवारी सकाळी ड्रम उघडले तेव्हा कळलं.

त्या पॅनेलवर 'फॉल्ट'चा दिवा होता आणि तो लागलेलाही होता, कुलूपबंद खोलीत. ऑप्शनच्या पानावरचा 'पोटेन्शियल फ्री कॉन्टॅक्ट' खरेदीवाल्यांनी कापला होता. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे: फॉल्ट आला की जुळणारे दोन स्क्रू. त्यांना दोन वायरी जोडून वॉचमनच्या केबिनमध्ये भोंगा लावता येतो. म्हणून माझं पहिलं उत्तर हेच. बाकी सगळं कापलंत तरी हा ठेवा. फक्त सगळे फॉल्ट त्याच्याशी जोडलेत ना, ते विचारून घ्या.

दुसरा ठेवा रोटर फिरतोय की नाही हे सांगणारा सेन्सर. चाक फिरवणारा पट्टा सैल होऊन घसरायला लागला तर मोटर फिरत राहते आणि चाक जागच्या जागी. मोटरकडे बघून काही कळत नाही. ज्यांच्याकडे सेन्सर नाही त्यांच्या चाकाच्या कडेवर मी मार्करने एक जाड रेघ ओढून देतो. तपासणीच्या खिडकीतून रेघ बघायची, टपरीवर कटिंग घेऊन यायचं, तोवर रेघ फिरून परत जागेवर आलेली असते. पण रोज खिडकीत डोकावणारा माणूस पहिला आठवडाभरच मिळतो.

"ड्यू पॉइंटचा कंट्रोल घेऊ का?" हेही विचारतात. ड्यू पॉइंट म्हणजे हवा ज्या तापमानाला थंड केली की तिच्यातल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं, ते तापमान. तुमची खोली सदैव एका तापमानाला असेल तर साधा आरएच, म्हणजे सापेक्ष आर्द्रतेचा, सेन्सर पुरतो. तापमान हलत असेल तर तो भुलवतो. २५ अंशांना ५० टक्के दाखवणारी खोली एसीने २२ वर आणली तर तीच हवा ६० टक्के दाखवते, पाण्याचा एक थेंबही न वाढता. ड्यू पॉइंट दोन्ही वेळा १४ च्या आसपासच. बॅटरीवाले, म्हणजे फारच कोरडी हवा लागणारे, त्यांनी मात्र विचारूसुद्धा नये, घ्यावाच. तिथे आरएचचा आकडा एक-दोन टक्क्यांत घुटमळतो आणि सेन्सरची चूकच तेवढी असते.

सेन्सर कुठलाही घ्या, बसवताना मी हजर असलो तर बरं. एकाने तो सप्लाय डक्टच्या, म्हणजे कोरडी हवा खोलीत सोडणाऱ्या नळाच्या, तोंडाशीच लावला होता. कोरडी हवा सेन्सरवर, यंत्र खूश होऊन बंद, आणि कोपऱ्यातल्या रॅकवरची पोती सादळलेली. शंका आली तर घरचं मीठ घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात ओल्या वाळूइतपत पाणी, आणि ते सेन्सरसकट हवाबंद डब्यात पाच-सहा तास. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा. ६८ आला तर सेन्सर बदला, यंत्राला शिव्या देऊ नका.

विजेचं म्हणाल तर सगळ्यात जास्त खातो हीटर. चाकातून बाहेर पडणाऱ्या ओल्या हवेचं तापमान बघून हीटर कमी-जास्त करणारा कंट्रोल मिळतो. चाक कोरडं झालं की ती हवा जास्त गरम बाहेर येते, म्हणजे आता तापवणं वाया. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा स्वतःच इतकी कोरडी असते की जुलैइतका हीटर जाळायचं कारणच नसतं. यंत्र बारा महिने चालणार असेल तर घ्या. फक्त पावसाळ्यापुरतं असेल तर तेच पैसे दरवाजाच्या गॅस्केटवर घाला.

टचस्क्रीन, मोबाइल ॲप वगैरे हौस असेल तर. ॲपचा अलार्म कुणाच्या नंबरवर जातो ते एकदा तपासा. एका ठिकाणी तो नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरला जात होता आणि बिचारा इमानेइतबारे 'ओके' दाबत होता.

चाकणवाल्यांनी नंतर भोंगा लावला. मागच्या ऑगस्टमध्ये रात्री दोनला त्याच वॉचमनमामांचा फोन. "साहेब, ते भोंगं वाजतंय. बंद कुठनं करायचं?"

"बंद नका करू मामा. पॅनेलपाशी जा, तांबडा दिवा कितवा लागलाय?"

जिना उतरल्याचा आवाज आला, मग कुलूप.

"तिसरा."

तिसरा रोटरचा. पट्टा डिकीत टाकला आणि निघालो.