कूस बदलायला शिकताना

आजीच्या पाठीवरची जखम माझ्यामुळे झाली होती. नर्सिंगला का आलास असं कोणी विचारलं की मी बरीच वर्षं दुसरंच काहीतरी सांगायचो. लोकांची सेवा, लहानपणापासूनची आवड, असं. खरं उत्तर ती जखम आहे.

आजी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती उठून चालली नाही. घरात दिवसभर तिच्याजवळ थांबू शकेल असा मीच होतो. माझं एक वर्ष वाया गेलेलं, पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. मी तिला भरवायचो, केस विंचरायचो, रात्री तिच्या पलंगाशेजारी खाली झोपायचो. कुशीवर वळवायला गेलं की ती कळवळायची. "नको रे बाळा, राहू दे," म्हणायची. मी राहू द्यायचो. तिला दुखू नये एवढंच मला कळत होतं.

काही दिवसांनी माकडहाडाच्या वर एक लाल चट्टा दिसला. मी तेल लावून तो रोज चोळला. हवा भरायची गोल रिंग आणून तिच्याखाली ठेवली. आठवडाभरात कातडी फुटली.

ड्रेसिंगसाठी एक सिस्टर घरी येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी जखम साफ केली, कागदी पट्टीने मोजली आणि मला म्हणाल्या, "वहीत लिही. चार बाय तीन सेंटिमीटर." मग त्यांनी टाचेवरचा एक लालसर डाग दाखवला, जो मी पाहिलाच नव्हता. "बोटाने दाब. आता सोड." दाबल्यावर कातडी पांढरी पडली आणि सोडल्यावर पुन्हा लाल झाली, तर खालचं रक्त अजून वाहतंय. दाबूनही लाली तशीच राहिली, तर आत इजा सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही, तिथे ऊब आणि कडकपणा हातानेच ओळखावा लागतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि बऱ्याचदा आतलं मांस आधी मरतं, वरची कातडी नंतर फुटते. म्हणजे मी तो चट्टा पाहिला, तेव्हा आतलं बरंच काही होऊन गेलं असावं. चोळण्याने ते आणखी फाटलं. रिंगने भोवतीचं रक्त अडलं. जे जे मी मायेने केलं, त्यातलं जवळजवळ सगळं चुकलं होतं.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी माझे हात धरून मला शिकवलं. पूर्ण कुशीवर झोपवायचं नाही, कारण मग सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांत कलतं ठेवायचं. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी चादरीसकट उचलायचं. आणि हे दर दोन तासांनी. "तिला दुखतं ना, मग दुखण्याची गोळी आधी द्यायची. अंमल चढला की वळवायचं," त्या म्हणाल्या. इतकी साधी गोष्ट! मला वाटत होतं, दुखू द्यायचं किंवा पडून राहू द्यायचं, एवढेच दोन रस्ते आहेत.

त्याच आठवड्यात मी नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी केली.

घरी फार काही वाद झाला नाही, पण नातेवाइकांत झाला. हे पुरुषाचं काम आहे का, डॉक्टर होता येत नाही म्हणून हे का, असं. मला तेव्हा उत्तर देता यायचं नाही. पुढे पहिल्या वर्षाला नर्सिंगचा इतिहास शिकताना कामिल्लुस दे लेल्लिस या इटालियन माणसाबद्दल वाचलं. जन्म १५५०, मृत्यू १६१४. सैनिक होता. पायावर कधीच भरून न आलेली जखम होती. त्याच जखमेसाठी तो रोमच्या रुग्णालयात गेला आणि पुढे तिथेच आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागला. नंतर त्याने त्याच कामासाठी पुरुषांचा एक संघ उभा केला. परिचारिकांचा तो आजही संरक्षक संत मानला जातो. ते पान मी दोनदा वाचलं. जखमेच्या वाटेने या कामाकडे आलेला मी पहिला नव्हतो.

मुलाखतीत मी पाठ करून गेलेलं वाक्य म्हटलं, "मला रुग्णांची सेवा करायची आहे." समोरच्या मॅडमनी विचारलं, "सेवा म्हणजे सकाळी सात वाजता वॉर्डात गेल्यावर नक्की काय करणार?" मी क्षणभर गप्प झालो. मग तोंडातून निघालं, "आधी पाठ बघेन." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

पहिले काही महिने हात धुण्यात आणि बिछाने घालण्यात गेले. हे मी थट्टेने म्हणत नाही. साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि अंगठा नि बोटांची टोकं सगळ्यात जास्त सुटतात. आम्ही हातांना चमकणारं द्रावण लावून धुवायचो आणि मग निळ्या दिव्याखाली धरायचो. माझे अंगठे महिनाभर चमकत होते. चादरीला एक चुणी राहिली तर ट्यूटर पूर्ण बिछाना उकलायला लावायच्या. वर्गातल्या काहींना ते अपमानास्पद वाटायचं. मला आजीची पाठ दिसायची. हलता न येणाऱ्या माणसाच्या कातडीखाली चुणी म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

श्वास मोजायला शिकणं मात्र मला सगळ्यात जड गेलं. नाडीचं बोटांना कळतं, बीपीचं यंत्र सांगतं, श्वास फक्त बघावा लागतो. आणि "तुमचा श्वास मोजतोय" असं सांगितलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगटावरचं बोट काढायचं नाही, नजर छातीवर न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. धावपळीच्या वॉर्डात ते मिनिट सगळ्यात आधी कापलं जातं. कितीतरी चार्टवर ओळीने १८, १८, १८ लिहिलेलं मी पाहिलं आहे. दुसऱ्या वर्षी एका रात्री एका बाईंचं बीपी ठीक होतं, तापही फारसा नव्हता, त्या स्वतःही "बरं आहे" म्हणत होत्या. श्वास २८ भरला. मोठ्या माणसाचा साधारण १२ ते २० असतो. मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा मोजला, तेवढाच. सिनियर सिस्टरना उठून सांगितलं. त्यांनी एक शब्द न बोलता फोन उचलला. बाईंच्या छातीत संसर्ग पसरत होता. बीपी घसरायच्या आत श्वास वाढतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या रात्री माझा त्यावर विश्वास बसला.

आता जे लिहायला जड जातं तेही लिहितो. तिसऱ्या वर्षी माझ्या हातून चुकीची गोळी दिली जाणार होती. शेजारच्या दोन कॉटवर सारख्या आडनावाचे दोघे होते. मी ट्रे घेऊन गेलो आणि विचारलं, "तुम्हीच ना अमुक?" काकांना ऐकायला कमी यायचं. त्यांनी हसून मान डोलावली. माझ्या हातात रक्त पातळ करायची गोळी होती, दुसऱ्याची. इन्चार्ज सिस्टरनी मागून माझं मनगट धरलं. त्यांनी काकांच्या मनगटावरचा नावाचा पट्टा फिरवून पाहिला आणि विचारलं, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं." त्यांनी वेगळंच नाव सांगितलं. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे मला झोपेतही म्हणता येत होतं. पण मी नाव विचारलं नव्हतं, मी नाव सुचवलं होतं. आजारी माणूस सुचवलेल्या नावाला हो म्हणतो. त्याला आपल्याला त्रास द्यायचा नसतो.

सिस्टरनी माझ्याकडून ती घटना लिहून घेतली, इतरांना शिकता यावं म्हणून. त्या आठवड्यात मी सोडून द्यायचं ठरवत होतो. माझ्या हातून पुन्हा तेच होतंय असं वाटत होतं: मन चांगलं, हात चुकीचा. तेव्हा फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या आयुष्यातली एक गोष्ट माझ्या कामी आली. १८३७ मध्ये, सोळा वर्षांची असताना, देवाने आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलावलं असं तिने लिहून ठेवलं. पण घरचा विरोध इतका की जर्मनीत कैझर्सवर्थला तीन महिन्यांचं शिक्षण तिला १८५१ मध्ये मिळालं. मधली चौदा वर्षं! आतली हाक तिच्यापाशी होतीच, तरी ती शिकायला गेली. १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धाच्या काळात, तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात जाताना तिच्यासोबत ३८ परिचारिका होत्या. तिथे जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मरत होते, हे तिने नंतर आकडे मांडून दाखवलं. हाक आल्यावर काम येतंच असं नाही, हे तिलाही कळलं असलं पाहिजे. मी राहिलो. तेव्हापासून मी कोणालाही "तुम्हीच ना?" असं विचारत नाही.

पुरुष म्हणून एक गोष्ट वेगळी शिकावी लागली. काही स्त्री रुग्णांना ब्रदर नको असतो. पहिल्यांदा एका मावशींनी नको म्हटलं तेव्हा मला लागलं होतं. सिस्टरना बोलावून मी पडद्याबाहेर उभा राहिलो आणि तिथे उभं असताना कळलं की त्यांनी "नको" म्हणणं आणि मी ते ऐकणं, हीसुद्धा त्यांची शुश्रूषाच आहे. आता मी आधीच विचारतो. बहुतेक जणी हो म्हणतात.

शेवटच्या वर्षी एका पहाटे वॉर्डातले एक आजोबा गेले. पाच आठवडे ते अंथरुणाला खिळून होते. डॉक्टरांनी तपासून वेळ लिहिली, घरच्यांना कळवलं. मी आणि सिस्टर पडदे ओढून आत गेलो. डोळे मिटवले, कवळी नीट बसवली, नळ्या काढल्या, डोक्याखाली उशी ठेवली. कोमट पाणी घेतलं. मग सिस्टर त्यांना म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेतोय हं." रोज म्हणायच्या तशाच. मी थबकलो, मग हात पुढे केला. पाठ पुसायची पाळी माझी होती. "आजोबा, पाठ पुसतो," मीही म्हणालो. पाठीवर एकही चट्टा नव्हता. माकडहाडावर नाही, खुब्यावर नाही, टाचांवर नाही. पाच आठवड्यांतल्या सगळ्या पाळ्यांमधली माणसं दर दोन तासांनी तिथे येऊन गेली होती. सिस्टरनी त्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि टॉवेल घेतला.

हे काम निवडावं का असं मला मुलं-मुली विचारतात. रक्त पाहून चक्कर येते, वास सहन होत नाही, यावरून ठरवू नका. त्याची सवय होते. रात्रपाळीने झोप मोडते, कंबर धरते, सणासुदीला घरी नसतो, हे आधी माहीत असू द्या. कोणी बघत नसताना श्वास पूर्ण मिनिटभर मोजवेल का, एवढं स्वतःला विचारा. आणि घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर आजच जाऊन त्यांच्या टाचा बघा. प्रवेशाचा विचार नसला तरी बघा.

आजी मला गणवेशात पाहू शकली नाही. माझ्या प्रवेशाची यादी लागायच्या आधीच ती गेली. जखम पूर्ण भरली नव्हती. पण नऊ आठवडे मी दर दोन तासांनी तिला वळवत होतो आणि सिस्टर ड्रेसिंगला आल्या की जखम मोजून वहीत लिहीत होतो. शेवटच्या दिवसांत तिला वळवायच्या आधी सांगावंही लागायचं नाही. पावलं ऐकली की ती स्वतःच माझा हात धरायची. ती वही माझ्याकडे आहे. तिच्यातली शेवटची ओळ अशी आहे: दीड बाय एक सेंटिमीटर, कडा गुलाबी, वास नाही, टाचा स्वच्छ.